सपाट छपराखालची चांगली माणसं

आमच्या घरमालक काकांनी आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले तेवढे सिनेमे काढणाऱ्यांनीसुद्धा पाहिले नसतील, आणि तरीही आजपर्यंत त्यांना एकाही नटाचं तोंड ओळखता आलेलं नाही. तोंडाकडे त्यांचं लक्षच नसतं. ते घरं बघतात. तीही सगळी नाहीत. पडद्यावर झोपडी आली, चाळ आली, राजवाडा आला की ते पाणी प्यायला उठतात. सिनेमे नुकते रंगीत व्हायला लागले होते त्या काळातले बंगले त्यांना लागतात. वहीच्या पुठ्ठ्यासारखं सपाट छप्पर, तिरक्या खांबांवर उभा असलेला पोर्च, दिवाणखान्यातली एक भिंत नुसत्या दगडांची, आणि त्या भिंतीतून एकेक पायरी बाहेर आलेली, दुसऱ्या बाजूला कसलाही आधार नाही, असा अधांतरी जिना. अशा घराचं दार पडद्यावर उघडलं की काका खुर्चीच्या टोकावर येऊन बसतात आणि मधे मधे येणाऱ्या माणसांवर वैतागतात. नायिका पायरीवर बसून हुंदके देत असते, तिचा बाप तिला घराबाहेर काढत असतो, आणि काका तिला समजावत असतात, "अगं बाई, जरा सरक. तुझ्यामागं कठडा आहे."

काकूंचं उलट. त्यांना गोष्ट लागते, संवाद लागतात, गाणी तर लागतातच. काकांना आवाज नको असतो. आवाजानं नजर हलते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या घरात प्रत्येक सिनेमा दोनदा लागायचा. आधी आवाजासकट काकूंसाठी, तेव्हा काका पेपर वाचायचे. मग आवाज बंद करून काकांसाठी, तेव्हा काकू मेथी निवडायच्या. नंतर चहा पिताना दोघं एकमेकांना सिनेमा सांगायची. काकू डोळे पुसत म्हणायच्या, "शेवटी त्याला त्याची आई भेटते हो." काका विचारायचे, "कुठं? वरच्या गच्चीत की खालच्या?"

आम्ही इंदिरानगरची खोली सोडून शरणपूर रस्त्याजवळच्या त्यांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या बघायला आलो, तेव्हा यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "काका, पाणी किती वेळ येतं?" काका म्हणाले, "आधी हे बघा," आणि आम्हाला सरळ जिन्यापाशी घेऊन गेले. काका कॉलेजात गणित शिकवायचे, त्यामुळे आधी त्यांनी आम्हाला पायरीचा आणि भिंतीचा कोन सांगितला, मग खुर्च्यांच्या तिरक्या पायांचा. नवरा कळवणकडचा, शेतात वाढलेला. त्यानं वाकून जिन्याखाली पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाला, "मंग ह्यो पडत कसा नाय?" काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, खोल्या यांना दे. इतक्या लोकांनी घर पाहिलं, योग्य प्रश्न यांनीच विचारला." पाणी किती वेळ येतं ते आम्हाला सामान लावल्यावर कळलं. फार वेळ येत नव्हतं.

त्या घराच्या अटी मात्र होत्या. भिंतीला खिळा मारायचा नाही. गोल खिडकीला पडदा लावायचा नाही. गच्चीच्या सिमेंटच्या जाळीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण दुपारी तिच्या भोकांतून ऊन आत येतं आणि फरशीवर नक्षी पडते. ती नक्षी बघायला काका दुपारची झोप मोडून उठायचे. एकदा मी चुकून तिथं टॉवेल टाकला, तर ते खाली येऊन म्हणाले, "आज ऊन अर्धंच आलं." रागावले नाहीत. पण माझ्या आजारपणाची चौकशी करावी अशा आवाजात बोलले, म्हणून मी पुन्हा कधी टाकला नाही.

हा बंगला मुळात सिनेमातूनच आला होता. काकांच्या वडिलांचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. हिंगाष्टक आणि च्यवनप्राश विकणारा साधा माणूस, सायकलची घंटा न वाजवता वळणसुद्धा घेत नसे. त्यांनी एकदा सिनेमात असा बंगला पाहिला आणि त्यांना तो हवाच झाला. नकाशा काढणारा कुठून आणायचा ते कळेना, तेव्हा त्यांनी गवंड्यालाच सिनेमाला नेलं. गवंडी सगळा वेळ नाच बघत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, आणि जिना आला की वडील त्याच्या मांडीवर चापट मारायचे. असं करत करत बंगला उभा राहिला, अगदी पडद्यावरचा उचलून आणल्यासारखा. सिनेमात घराची मागची बाजू कुठं दिसलीच नव्हती, म्हणून मागं काय बांधायचं ते गवंड्याला समजेना. त्यानं आपल्या मनानं दोन साध्या खोल्या काढल्या. त्यातच आम्ही राहत होतो. आणि सिनेमात स्वयंपाकघरही नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी काकांची आई सगळं घर हिंडली आणि दगडी भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण चूल कुठं मांडू?" शेवटी मोटारीसाठी बांधलेल्या जागेत चूल गेली. मोटार तशीही नव्हती. काकू संसारभर त्याच जागेत स्वयंपाक करत आल्या, आणि भाजीला फोडणी दिली की धूर जावा म्हणून मोटारीच्या जागेचं मोठं दार वर उचलायच्या. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला आत काय शिजतंय ते आमच्या आधी कळायचं.

इतकं प्रेमाचं घर, पण काकांच्या मनात त्याबद्दल एक दुखरी जागा होती. अशा घरांत सिनेमावाले चांगली माणसं ठेवत नाहीत. चांगला माणूस कौलारू घरात राहतो, त्याची आई शिवणयंत्र चालवते, अंगणात तुळस असते. सपाट छपराखाली तस्कर राहतो. नाहीतर दारू पिणारा कारखानदार, नाहीतर इस्टेटीसाठी भाचीला वेडी ठरवणारी मामी. नायकाला पैसे मिळाले आणि तो जिन्याच्या घरात राहायला गेला, की पुढच्याच प्रसंगात आईला ओळख दाखवत नाही. "यात जिन्याचा काय दोष, सांग मला," असं काका मला विचारायचे. मी काहीच बोलत नसे, म्हणून त्यांना माझ्याशी बोलायला आवडायचं. पुढे मोबाइल आल्यावर त्यांनी परदेशी मालिका पाहिल्या. मला वाटलं, तिकडं तरी बरं असेल. पण एका सकाळी ते अंगणात खिन्न उभे होते. म्हणाले, "तिकडंही तेच. डोंगराच्या टोकाला सुंदर काचेचं घर, आणि आत राहणारा माणूस खुनी."

लहानपणी वर्गातली पोरं त्यांना विचारायची की, तुमची दगडी भिंत कुठलं बटण दाबल्यावर सरकते. वडिलांना लोक मागून 'बॉस' म्हणायचे, हिंगाष्टक विकणाऱ्या माणसाला. आम्ही राहत होतो तेव्हाही गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस जाताना त्या भिंतीतला एखादा दगड दाबून बघायचा. काकांनी त्याला एकदा धरलंच. तो ओशाळून म्हणाला, "सहज हो काका. इतकी वर्षं येतोय, म्हटलं एकदा बघावं."

आणखी एक गोष्ट काकांनी शोधून काढली होती. अशा घरांत पडद्यावर कोणी कधी जेवत नाही. ग्लास घेऊन हिंडतात, सिगारेट ओढतात, फोन आपटतात, पण ताट घेऊन बसलेलं माणूस दाखवा म्हटलं तर नाही. "माणसं जेवली की घर होतं गं," ते म्हणायचे. "यांना जेवूच देत नाहीत, मग वाईट होतील नाहीतर काय."

मग काकूंचे गुडघे गेले. झोपायची खोली वर, आणि जिना असला. काकू बसून बसून पायऱ्या चढायच्या, आणि एका संध्याकाळी अर्ध्यातच थांबल्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, मी तुमच्या जिन्याला आजवर एक शब्द बोलले नाही. आता मला लिफ्ट हवी." काकांनी वाद घातला नाही. इंदिरानगरमध्ये लिफ्टचा फ्लॅट ठरला, बंगल्याची जागा एका बिल्डरनं घ्यायची आणि तिथं उंच इमारत बांधायची असंही ठरलं. काकांनी सही केली. आम्हाला वाटलं, रडतील. ते रडले नाहीत, पण दोन-चार दिवसांनी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पाडतील ते मी एक वेळ सोसेन. पण लोक म्हणतील, त्या बॉसचा बंगला पाडला, बरं झालं. आमच्या घरात चांगली माणसं राहिली, हे कोणाला कळणारच नाही." तेव्हाही मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी बोलायला हवं होतं असं वाटलं.

आणि नेमकी त्याच सुमारास मालिकेची माणसं आली. आधी डोक्यावर गॉगल चढवलेला एक मुलगा आला. जिना बघून त्यानं तोंडावर हात ठेवला. काकांनी त्याला दोनदा चहा पाजला, काजूच्या आकाराच्या टीपॉयवर बिस्किटं मांडली, खुर्चीचा कोन सांगितला. मग घसा साफ करून विचारलं, "हे घर कोणाचं म्हणून दाखवणार?"

"वहिनीसाहेबांचं, काका. मेन रोल आहे."

"कशा आहेत त्या?"

"एकदम खानदानी."

"स्वभावानं विचारतोय मी."

मुलगा कपात बघायला लागला. "म्हणजे, सासऱ्यांना विष देतात. पण हळूहळू."

काकांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक लावून घेतलं. नंतर जिन्यावर जाऊन बसले ते जेवायलाही उतरेनात. शेवटी काकू मोटारीच्या दारातून पुढं येऊन म्हणाल्या, "अहो, बोलवा त्या पोराला परत. घर जायच्या आधी चार लोकांना दिसेल तरी. आणि वाईट बाई आली तर येऊ दे. आपण आहोत ना घरात."

मग काकांनी अटी घातल्या. फरशीवर चपला-बूट चालणार नाहीत. धमक्या शक्यतो फोनवरून द्यायच्या. आणि कोणीतरी एकदा तरी या घरात जेवलं पाहिजे. डायरेक्टर भला माणूस होता. पहिल्या दोन त्यानं मान्य केल्या. तिसरीला हात जोडून म्हणाला, "काका, ती बाई विष देते. तिच्या घरात ताट दाखवलं तर लोक टीव्ही बंद करतील."

शूटिंगचे दिवस मला आठवले की अजून पोळी लाटता लाटता हसू येतं. वहिनीसाहेबांचे गुंड काळे कोट घालून पायमोज्यांवर आत यायचे. फरशी काकूंनी घासून घासून आरशासारखी केलेली. पहिलाच गुंड "वहिनीसाहेब, काम झालं" म्हणत आला तो घसरत घसरत थेट दगडी भिंतीपर्यंत गेला. काम झाल्याचं त्यानं तिथून सांगितलं. टीपॉयवर पिस्तूल ठेवायचं होतं, तर काका ओरखडा पडेल म्हणून मधे आले, आणि काकूंनी पिस्तुलाखाली क्रोशाचा रुमाल घातला. डायरेक्टरनं आधी नको म्हटलं, मग दमला आणि राहू दे म्हणाला.

पण खरा घोळ रांगोळीनं केला. काकू पहाटे उठून उंबऱ्यापाशी रांगोळी काढायच्या, त्यात काय सांगायचं आणि कोणाला विचारायचं. वहिनीसाहेब तरातरा दाराबाहेर पडतात आणि पोर्चमध्ये गाडीत बसतात, एवढाच प्रसंग होता, पण दार एका दिवशी घेतलं आणि गाडी दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी मालिकेच्या मुंबईच्या ऑफिसातून कोणीतरी फोनवर ओरडलं, कारण बाई दारातून निघाल्या तेव्हा पायाशी कमळ होतं आणि पाऊल बाहेर पडेपर्यंत त्याचा मोर झाला होता. डायरेक्टर काकूंच्या समोर येऊन बसला. "काकू, उद्या पुन्हा कमळ काढाल का? आणि परवापर्यंत तेच ठेवाल?"

काकू म्हणाल्या, "शिळी रांगोळी ठेवू दारात?"

"पण विलनच्या दारात रांगोळी असते कुठं, काकू?"

"विलन तुमची. दार माझं."

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना कॅमेऱ्यात गुडघ्यांच्या वरच घ्यायचं ठरवलं.

वहिनीसाहेबांचं काम करणारी मुलगी लहानच होती. भुवया वर ताणून रंगवलेल्या, काळी साडी, गळ्यात जड हार, आणि मधल्या वेळेत कोपऱ्यात एकटी बसून असायची. एके दिवशी तिला दुपार टळून गेली तरी जेवायला सोडलं नव्हतं. मी मागच्या दारी नागलीच्या भाकरी टाकत होते. ती हळूच तिथं आली, त्या भयंकर भुवयांखालून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, खावाले काही शे का?" मी चमकून वर पाहिलं. सटाण्याकडची निघाली. माझ्या माहेरी आजीपाशी सगळे हीच बोली बोलायचे. मी तिला ताटात भाकरी दिली, उडदाची आमटी दिली, वर तेलाची चटणी. साडी मळेल म्हणून तिनं पदर कमरेला खोचला आणि ती ताट घेऊन पुढं गेली, कारण तिला वाटलं दिवाणखान्यात आता कोणी नाही. जिन्याच्या पायरीवर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली. कॅमेरावाले पलीकडं दिवे उतरवत होते. डायरेक्टरचं लक्ष गेलं आणि त्यानं एक हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले, फक्त कॅमेरा फिरायला लागला. काका दारात होते, मी त्यांच्या मागं. ती मुलगी खाली मान घालून जेवत होती, तिला पत्ताच नव्हता. ताट पुसून बोट चाटलं तेव्हा तिनं वर पाहिलं, आणि लाजून ताट पाठीमागं लपवलं.

डायरेक्टर माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, अजून भाकरी आहे का? दुसऱ्या बाजूनंही घ्यायचंय." ती मुलगी म्हणाली, "घ्या की. मी तयार आहे."

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा बंगल्यातलं अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. खोक्यांवरच बसून आम्ही पाहिला. आधी गुंड आले, वहिनीसाहेबांनी फोनवर कोणाला तरी धमकी दिली, फोन आपटला. आता पुढचं काहीतरी लागेल असं वाटलं. पण वहिनीसाहेब तिथंच उभ्या राहिल्या, आणि मग त्या एवढ्या मोठ्या घरात, त्या जिन्यावर, एकट्याच जेवायला बसल्या. संगीत नव्हतं. फक्त भाकरी मोडल्याचा आवाज. माझ्या नवऱ्याच्या तोंडून आपोआप निघालं, "लय भूक लागली व्हती तिला." काकू म्हणाल्या, "एकटीच जेवतेय हो." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि काकांना विचारलं, "आवाज बंद करायचा राहिला तुमच्यासाठी. मोबाइलवर पुन्हा लावू का? जिना फार सुंदर आलाय."

काकांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते पुढं वाकून बसले होते. म्हणाले, "आणखी थोडी आमटी वाढायला हवी होती तिला." जिन्याबद्दल त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

पुढं महिनाभरात सगळेच हललो. ते दोघं इंदिरानगरला लिफ्टच्या फ्लॅटमध्ये गेले, आम्ही पाथर्डी फाट्याकडं खोली घेतली. परवा माझं शरणपूर रस्त्याला काम निघालं. बंगल्याभोवती हिरवं कापड लावलंय, वरून छपराचा एक कोपरा तेवढा दिसतो. बसच्या थांब्यावर माझ्याशेजारी दोन बायका उभ्या होत्या, हातात भाजीच्या पिशव्या. एकीनं कोपऱ्याकडं बोट केलं. "ते बघ, त्या सिरीयलमधल्या बाईचं घर. पाडताहेत वाटतं."

दुसरी म्हणाली, "अगंबाई. ती जिन्यावर बसून जेवायची तेच? बिचारी."

"एवढं घर, आणि जेवायला सोबत कोणी नाही."

"राहू द्यायचं होतं गं तिला."

बस आली आणि त्या चढून गेल्या. मी चढलेच नाही. पिशवीतून फोन काढला आणि काकांना लावला. मी स्वतःहून फोन करत नाही, त्यामुळे ते घाबरून म्हणाले, "काय झालं गं?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या मागून काकू कोण आहे म्हणून विचारत होत्या.

"बिचारी म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"हो."

"बॉस वगैरे काही नाही?"

"नाही काका. राहू द्यायचं होतं, म्हणाल्या."

काकांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुझ्या काकूला देतो फोन. नाही, थांब, मलाच सांग. पहिल्यापासून सांग. त्या दोघी थांब्यावर उभ्या होत्या, आणि मग?"

दुसरी बस समोर येऊन उभी राहिली होती. मी ती जाऊ दिली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.